मोजून खावें कीं पारखून?

माझ्या घरांत गेलें वर्षभर एक वाद चालूं आहे, आणि त्याचा निवाडा करण्याचें काम घरांतील सर्वांत वडील माणूस म्हणून माझ्याकडे आलें आहे. वादी माझी नात, प्रतिवादी तिची आई, म्हणजे माझी सून. नात सतरा वर्षांची, महाविद्यालयांत जाणारी. वजन उतरवावयाचें असें तिनें मनांत घेतलें आणि स्वयंपाकघरांत एक लहानसा काटा आणून ठेविला. पोळी काट्यावर, भात काट्यावर, भुईमुगाचे दाणेहि काट्यावर. प्रत्येक पदार्थाचे उष्मांक, ज्यांना आपण सर्रास कॅलरी म्हणतों, ते ती मोबाईलमध्यें टिपते, आणि दिवसाचा आंकडा १२०० झाला कीं पानावरून उठते. सुनेचा बाणा निराळा. काय खातां तें पाहा, किती खातां तें मोजीत बसूं नका, असें तिचें म्हणणें. मैदा, साखर, पुडींत बांधून येणारे खाद्यपदार्थ यांना तिनें घराबाहेर काढलें. घाण्याचें तेल, गूळ, हातसडीचा तांदूळ आणि खजुराचे लाडू यांना आंत घेतलें.

वर्षअखेर पाहतां सुनेचें वजन तसूभरहि हललें नाहीं. लाडवांचा डबा मात्र आठवड्यांतून दोनदां रिकामा होऊं लागला. नातीचें वजन उतरलें, पण त्याबरोबर फणींत केसांचे पुंजके येऊं लागले आणि एक दिवस जिन्यावर तिला घेरी आली. डॉक्टरांनीं रक्त तपासलें. तें पातळ झालेलें निघालें. तेव्हांपासून हा वाद केवळ जेवणाच्या वेळची करमणूक राहिलेला नाहीं.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, निवृत्त शाळामास्तर. वैद्यकाचा मला गंध नाहीं. जन्मभर मुलांना इतिहास शिकविला, म्हणून हा वाद आपल्या मुलखांत पूर्वीं कोणी, केव्हां आणि कशासाठीं घातला हें शोधूं लागलों. जें हातीं लागलें तें आज आपणांपुढें ठेवितों.

या प्रश्नाची आपल्याकडील जुनी मांडणी चरकसंहितेंत आहे. सूत्रस्थानाच्या पांचव्या अध्यायाचें नांवच मात्राशितीय. मापानें खावें, आणि तें माप ज्याच्या त्याच्या जठराग्नीवर ठरतें, असा त्याचा आशय. पुढें विमानस्थानांत आहाराविषयीं आठ गोष्टी पाहावयास सांगितल्या आहेत. त्यांत पदार्थाचा मूळ स्वभाव ही एक, त्यावर केलेला संस्कार ही दुसरी, आणि राशि म्हणजे एकंदर प्रमाण ही आणखी एक. संस्कार म्हणजे भिजविणें, शिजविणें, घुसळणें वगैरे. हल्लीं ज्याला प्रक्रिया म्हणतात तें. म्हणजे माझ्या सुनेचा मुद्दा आणि नातीचा मुद्दा हे दोन्ही एकाच यादींत शेजारीं शेजारीं बसलेले आहेत, आणि त्यांचें भांडण आहे असें चरकाला वाटलेलें दिसत नाहीं. एकविसाव्या अध्यायांत अति स्थूल माणसाची चिकित्सा आहे. तींत मला फार मार्मिक वाटलेली गोष्ट ही, कीं स्थूलाला द्यावयाचें अन्न पचावयास जड पण पोषणास हलकें असावें. कां, तर अशा माणसाची भूक प्रखर असते; हलकें अन्न झपाट्यानें जिरतें आणि तो पुन्हां मागतो. म्हणून जव, सावा, कोद्रू, मूग, कुळीथ. शिवाय जागरण, व्यायाम आणि चिंतन हीं हळूहळू वाढवावीं असेंहि तेथें सांगितलें आहे. चिंतनानें माणूस खरोखर रोडावत असता तर पस्तीस वर्षें मुलांच्या वह्या तपासणारा मी आज काठीसारखा दिसलों असतों. पण तें असो.

चरकाचें माप ज्याचें त्यानें ठरवावयाचें होतें. दुसऱ्यानें आपलें अन्न तोलून द्यावें, आणि तेवढ्यावर आपण तगतों कीं नाहीं हें त्यानें दुरून पाहावें, असा प्रसंग महाराष्ट्रावर १८७६-७७ च्या दुष्काळांत आला. आम्हां मनमाडकरांना त्या दुष्काळाची खूण लांब शोधावयास नको. आमच्या स्थानकांतून दक्षिणेस नगरवरून दौंडास जाणारा जो लोहमार्ग आहे, तो १८७८ सालीं सुरू झाला, आणि त्याच्या मातीकामाला दुष्काळी मजुरांचे हात लागलेले आहेत. मी त्या मार्गानें कितीदां तरी गेलों. त्या भरावाखालीं कोणाचा घाम आहे हें मात्र फार उशिरां वाचनांत आलें.

जानेवारी १८७७ मध्यें व्हाइसरॉय लिटन यांनीं सर रिचर्ड टेम्पल यांना दुष्काळी भागाच्या पाहणीस पाठविलें. या गृहस्थांनीं तीनच वर्षांपूर्वीं बिहारांतील दुष्काळांत सढळ हातानें धान्य आणून माणसें वांचविलीं होतीं आणि त्याबद्दल उधळेपणाचा ठपका पदरीं घेतला होता. या खेपेस त्यांनीं काटकसर करून दाखविली. दिवसभर खडी फोडणाऱ्या किंवा माती वाहणाऱ्या पुरुषास एक रत्तल धान्य, अथवा तेवढ्याचें मोल, आणि वर आणा-अर्धा आणा. स्त्रियांना व कामावरील मुलांना त्याहून कमी. इतिहासांत हिला टेम्पल मजुरी असेंच नांव पडलें आहे. अधिक दिलें तर लोक सरकारी कामांना सोकावतील, अशी त्यामागची भीति. याच साली टेम्पल साहेब मुंबई इलाख्याचे गव्हर्नर झाले.

आमच्या लोकांनीं ही मजुरी मुकाट्यानें घेतली नाहीं, हें सांगतांना मला आजहि अभिमान वाटतो. मजुरी उतरतांच हजारों माणसें कामें टाकून उठलीं. दंगा नाहीं, धोंडा नाहीं. नुसती उठून चालूं लागलीं. उपाशी माणसानें मिळणारी भाकरी नाकारावी याला केवढें मनोबल लागलें असेल याची कल्पना आपण भरल्या पोटीं करूं शकत नाहीं. पुण्याची सार्वजनिक सभा १८७० सालीं स्थापन झालेली. गणेश वासुदेव जोशी, ज्यांना लोक सार्वजनिक काका म्हणत, ते तिचे प्राण. सभेनें जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती मागविली आणि सरकारकडे अर्जांवर अर्ज धाडले. तुरुंगांतील कैद्याच्या पोटांत याहून अधिक जातें, असा तिचा बिनतोड युक्तिवाद होता.

तिकडे मद्रास इलाख्यांत डॉक्टर कॉर्निश हे सरकारी आरोग्याधिकारी होते. ते टेम्पल साहेबांशीं कागदोपत्रीं भांडले, आणि माझ्या मतें आमच्या घरांतील वादाचा पहिला नीट खटला तोच होय. त्यांची तक्रार दुपदरी होती. एक तर रत्तल पुरत नाहीं, दीड रत्तल पाहिजे. आणि दुसरें, नुसतें धान्य कितीहि दिलें तरी पुरत नाहीं, त्याच्या जोडीला डाळ व भाजीपाला पाहिजे. मार्च १८७७ मध्यें मद्रास सरकारनें सव्वा रत्तल धान्य आणि दीड औंस डाळ असें प्रमाण केलें. दीड औंस म्हणजे सुमारें ४३ ग्रॅम, मुठींत मावेल एवढी डाळ. परंतु माणसाचें अन्न केवळ तराजूवर ठरत नाहीं, ही गोष्ट त्या मूठभर डाळीबरोबर सरकारी हिशोबांत शिरली.

आतां नातीच्या पद्धतीनें त्या रत्तलाचा हिशोब करूं. शंभर ग्रॅम ज्वारींत सुमारें ३५० उष्मांक असतात. रत्तल म्हणजे ४५४ ग्रॅम. म्हणजे टेम्पल साहेबांच्या रत्तलांतून मजुराला मिळत होते साधारण १५९० उष्मांक. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२० सालीं बसविलेल्या कोष्टकाप्रमाणें बैठ्या पुरुषाला दिवसाला २११० आणि अंगमेहनत करणाऱ्याला ३४७० लागतात. पुढें १९४४-४५ मध्यें अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत अँसेल कीज यांनीं एक प्रयोग केला. महायुद्धानें उपाशी पडलेल्या माणसांना पुन्हां कसें उभें करावें हें कळावें म्हणून ३६ निरोगी तरुण आपण होऊन पुढें आले, आणि त्यांना चोवीस आठवडे सरासरी १५७० उष्मांकांवर ठेविलें. त्यांचें वजन सुमारें चतुर्थांशानें घटलें. पण घटलें तें केवळ वजन नव्हे. त्यांना सदा हींव वाजे, तीं हंसतीं खेळतीं पोरें चिडखोर आणि उदास झालीं, कांहींजण पाककृतींचीं पुस्तकें जमवून वाचीत बसत. शास्त्रज्ञांनीं अर्धपोटीं ठेवण्यासाठीं जाणून बुजून निवडलेला आंकडा आणि टेम्पल साहेबांनीं पुरेसा म्हणून दिलेल्या रत्तलाचा आंकडा, यांत वीसांचा फरक.

ही उष्मांकाची कल्पना कोठून आली तें थोडक्यांत सांगतों. अमेरिकेंतील वेस्लियन विद्यापीठांत ॲटवॉटर नांवाच्या रसायनशास्त्रज्ञानें गेल्या शतकामागील शतकाच्या अखेरीस एक कोठडी बांधली. तींत माणूस बसवून तो किती उष्णता बाहेर टाकतो हें त्यानें मोजलें, आणि प्रथिनें व पिष्ट यांच्या ग्रॅमास चार, चरबीच्या ग्रॅमास नऊ हे आंकडे स्थिर केले. आजहि बिस्किटाच्या पुड्यावर जो आंकडा छापलेला असतो तो मुळांत याच हिशोबाचा. गरीब कुटुंबानें थोड्या पैशांत अधिकांत अधिक पोषण कसें मिळवावें, हा ॲटवॉटरचा हेतु होता. वजन उतरविण्याकडे हें माप वळविलें तें १९१८ सालीं लुलू हंट पीटर्स या अमेरिकन डॉक्टर बाईंनीं. त्यांच्या आहारविषयक पुस्तकानें घरोघरच्या बायकांना अन्नाकडे उष्मांकांच्या डोळ्यांनीं पाहावयास शिकविलें, आणि वजन उतरविण्यासाठीं त्यांनीं सांगितलेला दिवसाचा आंकडा होता १२००. माझ्या नातीच्या मोबाईलमधला आंकडा हाच. तिला तो कोणी नवा शोधून दिला असें वाटत होतें. तो शंभरांहून अधिक वर्षांचा म्हातारा आहे.

आपल्याकडे हाच आंकडा निराळ्याच वाटेनें आला. दुसऱ्या महायुद्धांत, मे १९४३ मध्यें, मुंबई शहरांत शिधावाटप सुरू झालें. त्याच वर्षीं सरकारी अन्नधान्य धोरण समितीनें प्रौढ माणसास दिवसाला एक रत्तल धान्य असावें अशी शिफारस केली. पाहा, शहासष्ट वर्षांनीं पुन्हां तोच रत्तल! १९४६ च्या आरंभीं धान्याची ओढ पडली आणि तो रत्तलहि उतरून बारा औंसांवर आला. बारा औंस म्हणजे ३४० ग्रॅम. त्यांतून मिळतात जवळ जवळ १२००. माझे वडील त्या शिध्यावर वाढलेले. शिधापत्रिकेवर तांदूळ घ्यावयाचा कीं मिलो हें रांगेंत उभ्या असलेल्या माणसाच्या हातीं नसे, असें ते सांगत. तेव्हां देशभर टंचाई म्हणून जाहीर झालेलें माप आज एक मुलगी आपल्या मनानें स्वतःवर लादून घेते, या गोष्टीनें मला किती तरी रात्रीं झोंप आली नाहीं.

आतां पारखून खाणाऱ्यांचा पक्ष. त्याचा इतिहास आपल्या मुलखांत फार भरघोस आहे. नीलगिरींतील कुन्नूर येथें रॉबर्ट मॅककॅरिसन या डॉक्टरांनीं उंदरांच्या टोळ्या करून प्रत्येकीला हिंदुस्थानांतील एकेका प्रांताचा आहार दिला. शिखांच्या आहारावरील उंदीर सर्वांत धडधाकट निघाले, त्यांच्यामागें पठाणांच्या, तिसरा क्रमांक मराठ्यांच्या आहाराचा, आणि सर्वांच्या शेवटीं मद्रासी आहार. गव्हाची चपाती, दूध, लोणी, डाळ, भाजी, असा तो शिखांचा आहार. आमच्या मनमाडच्या गुरुद्वाराच्या लंगरांत जेवतांना मला त्या उंदरांची आठवण होते आणि हंसूं येतें. तळाशीं राहिलेल्या आहाराचें मुख्य व्यंग सडून सडून पांढरा केलेला तांदूळ हें होतें. मॅककॅरिसन यांच्यामागून तेथें आलेले डॉक्टर एक्रॉइड यांनीं १९३७ सालीं हिंदी खाद्यपदार्थांच्या पोषकतेचीं कोष्टकें प्रसिद्ध केलीं. म्हणजे एकाच प्रयोगशाळेंत एकानें पारखण्याचें काम केलें, दुसऱ्यानें मोजण्याचें. हीच संस्था १९५८ सालीं हैदराबादेस गेली. मघाशीं सांगितलेली राष्ट्रीय पोषण संस्था ती हीच.

पण या पक्षाची खरी राजधानी वर्धा. डिसेंबर १९३४ मध्यें अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला आणि मगनवाडींत त्याचें ठाणें झालें. जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस. हातसडीचा तांदूळ, जात्यावरचें पीठ, बैलघाण्याचें तेल, साखरेऐवजीं गूळ, हा सारा आग्रह तेथून घरोघर पसरला. आज शहरांतील दुकानांत काचेच्या बाटलींतून चढ्या भावानें विकलें जाणारें घाण्याचें तेल पाहिलें कीं मला मगनवाडी आठवते. गांधीजींचा हेतु मात्र वजन उतरविणें हा नव्हता. गांवच्या कांडपिणीचा आणि तेल्याचा धंदा जगावा, आणि गिरणींत कोंड्याबरोबर जें सत्त्व निघून जातें तें गरिबाच्या पोटांत राहावें, असा तो दुहेरी विचार होता. त्यांनीं डॉक्टरांना आणि रसायनशास्त्रज्ञांना पत्रें घालून गूळ बरा कीं साखर, सडलेला तांदूळ बरा कीं असडीक, असे प्रश्न विचारले व उत्तरें 'हरिजन' पत्रांत छापलीं. १९३५ मध्यें मगनवाडींतील मंडळींना सोयाबीनहि खाऊन पाहावें लागलें.

यांत मौज अशी, कीं पारखण्याचा एवढा मोठा पुरस्कर्ता मोजण्यांतहि तितकाच काटेकोर होता. १९४२ सालीं पुण्याच्या आगाखान महालांत बंदिवासांत असतांना गांधीजींनीं आरोग्यावर एक छोटें पुस्तक लिहिलें. बैठें काम करणाऱ्या माणसाचा दिवसाचा आहार त्यांत औंसांनीं दिला आहे: गाईचें दूध दोन रत्तल, धान्य सहा औंस, पालेभाजी तीन, इतर भाज्या पांच, कच्ची भाजी एक, तूप दीड औंस, गूळ अथवा साखर दीड औंस. होय, साखर अथवा गूळ! सुनेला मीं हें वाचून दाखविलें तेव्हां ती क्षणभर गप्प झाली. मीं आजच्या कोष्टकांवरून बेरीज करून पाहिली. ती अठराशें ते एकोणीसशेंच्या दरम्यान येते. तेव्हां नातीची पाळी आली गप्प होण्याची.

माझ्या स्वतःच्या आठवणींतील मोजलेलें अन्न म्हणजे १९७२ च्या दुष्काळांतील सुकडी. माझें वय तेव्हां दहाच्या आंतबाहेर. मे १९७३ मध्यें महाराष्ट्रांतील दुष्काळी कामांवर सुमारें पन्नास लाख माणसें होतीं. त्यांत माझी आई आणि मावशी खडी फोडण्याच्या कामावर. पीठ, गूळ व तेल यांची ती कोरडी, गोडसर सुकडी आई पदरांत बांधून आणी. तिच्या वांट्याची ती आणि आम्हीं दोघां भावांनीं खावयाची, हें त्या वयांत आमच्या ध्यानीं आलें नाहीं. घरीं लाल मिलोची भाकरी. ती थापतांना मोडे. आमच्या गांवीं अन्न महामंडळाचें प्रचंड कोठार आहे, पोत्यांनीं भरलेल्या वाघिणी डोळ्यांसमोरून जात, आणि मिलोची भाकरी घशाखालीं उतरत नसे.

आतां अलीकडचें शास्त्र काय म्हणतें तें पाहूं. मोजणाऱ्यांच्या बाजूनें सर्वांत गमतीचा पुरावा अमेरिकेंतील कॅन्सस स्टेट विद्यापीठाच्या मार्क हॉब या पोषणशास्त्राच्या प्राध्यापकांचा. २०१० सालीं त्यांनीं दहा आठवडे मुख्यतः दुकानांतील क्रीमचे केक आणि बिस्किटें खाल्लीं, पण दिवसाचे उष्मांक १८०० च्या आंत ठेविले. वजन २७ पौंडांनीं उतरलें. म्हणजे केवळ वजनाचाच प्रश्न असेल तर प्रमाणाचा नियम टळत नाहीं. माझ्या सुनेचे लाडू शुद्ध असले तरी ते मोजणींतून सुटत नाहींत.

पारखणाऱ्यांच्या बाजूचा पुरावा मला अधिक वजनदार वाटतो. २०१९ मध्यें अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेंत केव्हिन हॉल यांनीं वीस माणसांना चार आठवडे रुग्णालयांतच ठेवून घेतलें. दोन आठवडे कारखान्यांत घडविलेलें अन्न, दोन आठवडे साधें घरगुती वळणाचें. पानांत वाढलेले उष्मांक, साखर, चरबी, चोथा हीं दोन्ही वेळां सारखीं, आणि ज्याला जितकें खावेंसें वाटेल तितकें त्यानें खावें. कारखानी अन्नावर तीं माणसें दिवसाला सुमारें ५०० उष्मांक अधिक खाऊं लागलीं आणि दोन आठवड्यांत जवळ जवळ एक किलो वाढलीं. साध्या अन्नावर तेवढींच उतरलीं. कोणीं कांहीं मोजलें नव्हतें. कोणतें अन्न पुढें आलें यावर पोट केव्हां पुरे म्हणेल हें ठरलें. स्थूलाला पचावयास जड अन्न द्यावें या चरकाच्या सांगण्याशीं हें ताडून पाहण्यासारखें आहे. तशीच बदामाची गोष्ट. ॲटवॉटरच्या कोष्टकानें आख्ख्या बदामांत जितके उष्मांक धरावे त्यांहून बरेच कमी अंगीं लागतात, असें २०१२ मध्यें दिसून आलें. चावून राहिलेल्या कणांतील तेल तसेंच बाहेर पडतें. तेव्हां मोबाईलमधला आंकडाहि वाटतो तितका पक्का नसतो.

शिवाय वजन म्हणजे काय, हाच प्रश्न पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं उभा केला आहे. २००४ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत त्यांचें आणि त्यांचे इंग्रज स्नेही डॉ. युडकिन यांचें छायाचित्र शेजारीं शेजारीं छापलें गेलें. उंचीच्या मानानें वजन काढण्याचा जो निर्देशांक आहे, तो दोघांचा एकच, २२.३. परंतु युडकिन यांच्या देहांत चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या देहांत २१.२ टक्के. काटा दोघांना सारखेंच म्हणतो, आणि आंत दुपटीहून अधिक फरक. पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकांची पाहणी त्यांनीं केली तेव्हां सरासरी वजन सुमारें २.७ किलो, म्हणजे इंग्रज बालकांपेक्षां पुष्कळच कमी, आणि तरी त्या हडकुळ्या अंगावर चरबीचा वांटा मात्र राखलेला, असें आढळलें. पिढ्यान् पिढ्यांच्या अपुऱ्या पोषणाचा हा परिणाम असावा असें त्यांचें मत आहे. दौंडच्या रुळांखालची माती ज्यांनीं वाहिली त्यांच्या पणतवंडांच्या देहांचें हें वर्णन आहे, असें मला वाटून गेलें. अशा देहाची उपासमार केली तर झिजतें तें बहुधा आधींच कमी असलेलें मांस. त्याला डाळ, दूध आणि श्रम यांची अधिक गरज.

२०१८ च्या सुमारास महाराष्ट्रांत घरोघर दुसरा एक वाद रंगला होता, तो आपणांस आठवत असेल. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवरून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनीं सांगितलें, दिवसांतून दोनदांच जेवा, आणि प्रत्येक वेळीं ५५ मिनिटांच्या आंत. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर म्हणत, थोडें थोडें वारंवार खा, आपल्या प्रांतांत पिकतें तें खा, तुपाला भिऊं नका. एकाच घरांत दोन पंथ झाले. पण माझ्या ध्यानीं आलें तें हें, कीं उष्मांक मोजा असें दोघांपैकीं कोणीहि म्हणालें नाहीं. एकानें घड्याळ हातीं दिलें, दुसरीनें आजीचें स्वयंपाकघर.

माझें मत विचाराल तर तें सुनेकडे झुकतें, पण अटीवर. आधीं पारखावें, कारण पारखलेलें अन्न बऱ्याच अंशीं आपलें माप आपणच सांगतें. मोजावयाचें तें फक्त तूप, तेल, दाणे, गूळ, खजूर यांच्यासाठीं. कारण ते कितीहि शुद्ध असले तरी वाटीभरांत जेवणाचा ऐवज दडवून बसतात. आणि वाढत्या वयाच्या मुलीनें १२०० हा आंकडा डॉक्टरांवांचून धरूं नये, याबद्दल मात्र माझ्या मनांत संशय नाहीं.

गेल्या महिन्यांत मीं नातीला तिचा काटा घेऊन बसावयास सांगितलें आणि ज्वारीच्या पिठाचा डबा पुढें ठेविला. म्हटलें, १९४६ सालचे बारा औंस तोल. तिनें ३४० ग्रॅम पीठ परातींत काढलें. सुनेनें अदमास सांगितला: पांच भाकऱ्या आणि वर एक चानकी. "बरंच आहे कीं, आजोबा," नात म्हणाली. मीं म्हटलें, दिवसभराचें आहे. तेल, डाळ, भाजी सोडून. ती कांहीं बोलली नाहीं. मग तिनें आपण होऊन आणखी ११४ ग्रॅम घातलें, म्हणजे टेम्पल साहेबांचा रत्तल पुरा झाला. परातीकडे बघत तिनें विचारलें, "आणि एवढ्यावर खडी फोडायची?"

सुनेनें तेंच पीठ मळलें. त्या रात्रीं आम्ही चौघांनीं त्या भाकऱ्या मेथीच्या भाजीशीं आणि मुगाच्या आमटीशीं खाल्ल्या. नातीनें दोन घेतल्या, वर वाटीभर दहीं घेतलें, आणि कांहीं तोललें नाहीं. जेवणें झाल्यावर सुनेनें लाडवांचा डबा काढला, एक लाडू काट्यावर ठेविला. ४० ग्रॅम भरला. तिनें मुलीचा मोबाईल मागून घेतला, थोडा वेळ त्यांत पाहिलें, मग तो लाडू परत डब्यांत टाकून डबा वरच्या फळीवर ठेवून दिला.